छोट्या मोटारीचे छुपे दुखणे आणि गॅरेजवाल्यांची जबाबदारी

पावसाळा सरत आला की गावोगावच्या गॅरेजांपुढे छोट्या मोटारींची रांग लागते. कुणाची गाडी एका बाजूला ओढते, कुणाच्या पुढच्या टायरची आतली कड चार महिन्यांत साफ झालेली असते, तर कुणाला खड्ड्यातून जाताना बॉनेटखालून टक-टक आवाज ऐकू येतो. मालक म्हणतो, ‘उस्ताद, अलाइनमेंट करून द्या.’ उस्ताद अलाइनमेंट करून देतात. महिनाभराने तीच गाडी, तोच मालक आणि तीच तक्रार पुन्हा दारात उभी राहते. मग टायर बदलला जातो, शॉकअप बदलले जातात, पैसा जातो आणि दोघांच्या मनात एकमेकांविषयी संशय मात्र शिल्लक राहतो.

या दुखण्याचे मूळ पुष्कळदा अशा जागी असते, जिथे मालक कधी पाहत नाही आणि मिस्त्रीही घाईत पाहायचे विसरतो. ती जागा म्हणजे शॉकअपचा टॉवर. व्यापार-उद्योगाच्या पानावर मोटारीच्या एका पत्र्याविषयी लिहिण्याचे कारण काय, असे काही वाचकांना वाटेल. कारण असे की गॅरेज, डेंटिंग-पेंटिंग, वेल्डिंग आणि जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री या धंद्यांवर आपल्यापैकी हजारो घरांची चूल पेटते. धंद्यात टिकायचे की केवळ दिवस ढकलायचे, हा प्रश्न अशा छोट्या कामांतूनच सुटत असतो.

टॉवर म्हणजे काय?

बॉनेट उघडले की इंजिनाच्या दोन्ही बाजूंना, मडगार्डच्या आतल्या अंगाला, पत्र्याचे दोन गोल उंचवटे दिसतात. त्यांच्या माथ्यावर बहुधा दोन किंवा तीन नट असतात आणि मधोमध शॉकअपच्या दांड्याचे टोक दिसते. हाच टॉवर. डेंटर मंडळी आजूबाजूच्या पत्र्यासकट या भागाला ‘ॲप्रन’ म्हणतात. चाकाला बसलेला प्रत्येक धक्का स्प्रिंग आणि शॉकअपमधून वर चढतो, रबरी माउंटवर येतो आणि तेथून या टॉवरच्या माथ्यावर आदळतो. गाडीच्या पुढच्या भागाचे ओझे याच दोन माथ्यांनी तोललेले असते.

ही रचना अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याच्या नावाने ओळखली जाते. फोर्ड कंपनीने १९५० साली इंग्लंडमध्ये आणलेल्या कॉन्सल आणि झेफर या गाड्यांमुळे तिचा प्रसार झाला. भाग कमी, वजन कमी, जागा कमी आणि खर्चही कमी, त्यामुळे छोट्या गाड्यांना ती वरदानच ठरली. आपल्याकडे डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली ती हीच रचना घेऊन. पुढे १९९८ मध्ये सँट्रो आणि इंडिका आल्या, त्यांच्याही पुढच्या चाकांना हीच रचना होती. त्याआधीच्या गाड्यांचा हिशेब वेगळा होता. ॲम्बेसेडरला पुढे टॉर्शन बार होते, म्हणजे धक्का खालच्या सांगाड्यात जिरत असे. प्रीमियर पद्मिनीला दुहेरी विशबोन होते. त्या गाड्यांवर हात बसलेल्या जुन्या मिस्त्र्यांना टॉवरच्या माथ्याकडे पाहण्याची सवय नव्हती, यात त्यांचा दोष नाही. परंतु ॲम्बेसेडरचे उत्पादन २०१४ साली बंद झाले आणि मुंबईतील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीही २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या. आता गॅरेजमध्ये येणारी जवळजवळ प्रत्येक छोटी मोटार टॉवरवाली आहे. नजर बदलली पाहिजे ती याचसाठी.

नुकसान कसे होते?

साधा हिशेब मांडू. माणसांसकट १००० किलो भरणारी गाडी घ्या. इंजिन पुढे असल्याने त्यातले सुमारे ६०० किलो पुढच्या दोन चाकांवर येते, म्हणजे एकेका बाजूला ३०० किलो. खड्ड्याचा तडाखा धरताना अभियंते स्थिर वजनाच्या तिप्पट तरी भार हिशेबात घेतात. म्हणजे क्षणभर ९०० किलोच्या आसपासचा मार त्या एका माथ्यावर बसतो. आता पत्र्याची जाडी पाहा. दरवाजाचा बाहेरचा पत्रा सुमारे पाऊण मिलिमीटरचा असतो. टॉवरचा माथा त्याहून जाड असतो, पण तोही साधारणपणे दोन-तीन मिलिमीटरचाच.

टॉवरच्या उभ्या भिंती मजबूत असतात, कमजोर असतो तो आडवा माथा. त्याच्या मधोमध मोठे भोक असते आणि माउंट नेमका त्या भोकाच्या कडेला खालून ढोसत असतो. स्प्रिंग चांगली, माउंटचे रबर शाबूत आणि शॉकअपच्या दांड्यावरचा बम्प स्टॉपर जागेवर असेल, तर मार विभागला जातो आणि पत्रा तो वर्षानुवर्षे सहन करतो. पण बम्प स्टॉपर भुगा होऊन गळून पडला, माउंटचे रबर फाटले आणि लोखंड लोखंडावर आपटू लागले, की माथा हळूहळू वर फुगतो. आधी भोकाची कड उचलली जाते, मग नटाचे स्टड तिरपे होतात, मग रंगाला तडे जातात आणि शेवटी पत्र्यालाच भेग पडते. टॉवरचा माथा हलला की चाकाचा कल बदलतो. टायरची आतली कड जाते ती यामुळे. अनेक छोट्या गाड्यांत हा कल जुळवण्याची सोयच नसते. अलाइनमेंटवाला मग फक्त टाय रॉड फिरवून ‘झाले’ म्हणतो.

या दुखण्याचे गाजलेले उदाहरण इंग्लंडमधील आहे. जुनी मिनी १९५९ सालची. तिची पुढची रबरी सस्पेन्शन एका वेगळ्या मजबूत सबफ्रेममध्ये बसवलेली होती. ती मिनी २००० साली बंद झाली आणि बीएमडब्ल्यूने २००१ पासून ऑक्सफर्डच्या कारखान्यात नवी मिनी काढली, ती मॅकफर्सन रचनेची. या नव्या मिनीच्या पहिल्या पिढीत अनेक मालकांना टॉवरचे माथे अळंबीसारखे फुगलेले आढळले. तिकडे या दुखण्याला नावच पडले ‘मशरूमिंग’. त्यात विशेष करून कूपर एस मॉडेलला पंक्चर होऊनही चालणारे, कडक भिंतीचे रन-फ्लॅट टायर होते आणि कित्येकांनी त्याखाली १७ इंची चाके घेतली होती. टायरची भिंत जेवढी कडक आणि बुटकी, तेवढा धक्का न विरघळता वर जातो. खड्डे तर विलायतेतही असतात! त्या अनुभवातूनच टॉवरला जोड देणाऱ्या पोलादी प्लेटांचा एक छोटा धंदा तिकडे उभा राहिला. भारतात मिनी २०१२ पासून विकली जाते, पण ती श्रीमंतांची गाडी. आपल्याला तिच्याशी कर्तव्य नाही, तिने शिकवलेल्या धड्याशी आहे. चांगल्या रस्त्यांच्या देशात, नामांकित कंपनीच्या गाडीचा माथा फुगू शकतो, तर आपल्या रस्त्यांवर वीस वर्षे वापरलेल्या गाडीचे काय होत असेल?

आपल्याकडचे तीन शत्रू

पहिला शत्रू रस्ता. मुंबई-गोवा महामार्गाचे रुंदीकरण २०११ मध्ये सुरू झाले आणि पुढे वर्षानुवर्षे रखडले. दर सणाला, दर सुट्टीला आपल्या कोकणी कुटुंबांनी त्या खड्ड्यांतून गावची वाट धरली आहे. गतिरोधकांची कथा वेगळी नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, गोलाकार हवा. प्रत्यक्षात गल्लोगल्ली हातभर रुंदीचे सिमेंटचे उंचवटे घातलेले दिसतात. चांगले रस्ते मिळणे हा घटनेच्या कलम २१ खालील हक्काचा भाग आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली म्हटले आहे. तो हक्क मागत राहिलेच पाहिजे. पण रस्ता सुधारेपर्यंत गाडी तर चालवायची आहे.

दुसरा शत्रू गंज. समुद्रकाठची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांत मडगार्डच्या आत, टॉवरच्या बाहेरच्या अंगाला चिखल साचून राहतो. जिथे दोन पत्रे एकमेकांवर स्पॉट वेल्डने जोडलेले असतात, त्या फटीत पाणी शिरते. वरून रंग चकचकीत आणि आतून पत्रा पापड झालेला, अशी अवस्था होते.

तिसरा शत्रू आपण स्वतः. गाडी खाली घासते म्हणून स्प्रिंगच्या वेढ्यांत रबराचे ठोकळे बसवून घेण्याची पद्धत सर्रास आहे. गाडी इंचभर उंच होते, हे खरे. पण त्यामुळे स्प्रिंगचे वेढे अडतात, ती कडक होते आणि जो धक्का तिने गिळायचा तो टॉवरच्या माथ्यावर जातो. शोभेसाठी मोठी अलॉय चाके आणि बारीक टायर घालण्याचेही तेच. टायरमध्ये प्रमाणाबाहेर हवा भरण्याचेही तेच. दुकानदार ठोकळा विकतो तेव्हा तो हे सांगत नाही. आमच्या मते त्याने सांगितले पाहिजे.

लांबी भरून झाकलेली भेग

आमच्या एका स्नेह्यांनी काही वर्षांपूर्वी मुलांच्या शाळेसाठी आणि गावी जाण्यायेण्यासाठी जुनी छोटी गाडी घेतली. रंग नवा, सीट कव्हर नवे, इंजिन गुळगुळीत. दोन महिन्यांत उजवा टायर आतून खाल्ला गेला. तीन ठिकाणी अलाइनमेंट झाले. चौथ्या ठिकाणी एका म्हाताऱ्या डेंटरने बॉनेट उघडून टॉवरच्या माथ्यावर नुसता अंगठा फिरवला आणि म्हणाला, ‘साहेब, इथे पत्रा नाही, लांबी आहे.’ काळा रंग खरवडला, सीलंट काढले, लांबी फोडली, तेव्हा भोकापासून निघालेली भेग माथ्याच्या निम्म्या घेरापर्यंत गेलेली दिसली. म्हणजे गाडी विकण्यापूर्वी कुणीतरी ही भेग डोळ्यांनी पाहिली होती, तीवर लांबी लावली होती आणि घासून गुळगुळीत केली होती. त्या गाडीत रोज चार मुले बसत होती!

हे काम ज्याने केले त्याचे नाव आम्हाला ठाऊक नाही आणि ठाऊक असते तरी आम्ही ते येथे लिहिले नसते. कारण प्रश्न एका माणसाचा नाही, सवयीचा आहे. वाकलेला दरवाजा लांबी भरून सरळ करणे ही कारागिरी आहे. तुटलेला टॉवर लांबी भरून झाकणे ही फसवणूक आहे. दरवाजा शोभेचा आहे, टॉवर भाराचा आहे. एवढा फरक गॅरेजमधल्या सर्वांत लहान हेल्परलाही पहिल्या महिन्यात शिकवला गेला पाहिजे.

मजबुती म्हणजे नेमके काय?

टॉवर मजबूत करण्याचे चार मार्ग बाजारात दिसतात. चारही मार्गांचे काम वेगवेगळे आहे आणि ग्राहकाला नेमके हेच कुणी समजावून सांगत नाही.

पहिला मार्ग, माथ्याच्या खालून, माउंट आणि पत्रा यांच्या मध्ये पोलादी प्लेट घालणे. पत्र्याच्या छपरावर चढणारा कारागीर आधी फळी टाकतो आणि मग फळीवर पाय ठेवतो. ही प्लेट म्हणजे तीच फळी. भोकाच्या कडेला एकवटणारा मार ती माथ्यावर पसरवते आणि मजबूत उभ्या भिंतींपर्यंत नेऊन पोचवते. आमच्या मते खरी मजबुती हीच. मात्र त्यासाठी अख्खा स्ट्रट खाली काढावा लागतो. प्लेटच्या जाडीइतकी स्टडची लांबी कमी पडते, तेव्हा नट पुरेशा आट्यांवर बसतो की नाही हे पाहणे अत्यावश्यक आहे. दोन आट्यांवर लटकलेला नट हा मजबुतीचा नव्हे, अपघाताचा बंदोबस्त होय.

दुसरा मार्ग, माथ्याच्या वरून, त्याच स्टडवर प्लेट कसणे. काम सोपे, वेळ थोडा. माथा वर फुगू लागला तर ही प्लेट त्याला दाबून धरते. खालच्या प्लेटइतका मार ती पसरवत नाही, पण शाबूत टॉवरला ती उपयोगी आहे. अट एकच, प्लेट सपाट असावी, तिची भोके नेमकी जुळावीत आणि ती माथ्याला सर्व बाजूंनी चिकटून बसावी. फुगलेल्या माथ्यावर सपाट प्लेट ठेवून नट आवळला, तर स्टड वाकतो, तुटतो किंवा माउंटच उचकटतो.

तिसरा मार्ग, दोन्ही टॉवरांना जोडणारी आडवी दांडी. तरुण पोरांना ती फार आवडते, कारण बॉनेट उघडले की ती चमकते. तिचे काम एवढेच की वळणावर दोन्ही टॉवर एकमेकांकडे झुकू नयेत. माथा वर फुगण्याचा जो मूळ रोग, त्यावर तिचा जवळजवळ काहीच उपाय नाही. ‘ही लावा, टॉवरची चिंता मिटली’ असे सांगून जो दांडी विकतो, तो एकतर अज्ञानी आहे किंवा अप्रामाणिक.

चौथा मार्ग, वेल्डिंग. पत्रा तडकला असेल किंवा गंजून गेला असेल, तर याला पर्याय नाही. पण येथेच सर्वांत जास्त नुकसान केले जाते. गॅसची ज्योत लावून लालभडक केलेला पत्रा मऊ होतो, त्यावरचा जस्ताचा थर जळतो आणि वर्षभरात शेजारीच नवा गंज धरतो. अलीकडच्या गाड्यांत अधिक ताकदीचे पोलाद वापरलेले असते, ते तर उष्णतेने आपली ताकदच गमावते. म्हणून मिग वेल्डिंग हवे आणि तेही थांबत थांबत, लहान टाक्यांनी. भेगेच्या टोकाशी आधी बारीक भोक पाडावे, म्हणजे भेग पुढे पळत नाही. बॅटरीची तार काढल्याशिवाय वेल्डिंगला हात लावू नये, नाहीतर कॉम्प्युटर जळाल्याचा भुर्दंड कारागिराच्याच माथी. शेवटी जस्ताचा प्रायमर, सांध्यांना सीलर आणि आतल्या पोकळीत गंजरोधक मेण, एवढे झाले तरच काम पुरे झाले असे समजावे.

क्रम चुकला की सारे चुकले

आमचा मुख्य मुद्दा मार्गांचा नाही, क्रमाचा आहे. आधी तपासणी, मग सरळ करणे, मग मजबुती आणि शेवटी अलाइनमेंट. आपल्याकडे होते ते उलटे. आधी अलाइनमेंट, ते जमले नाही तर प्लेट आणि तपासणी कधीच नाही. वाकलेल्या टॉवरवर प्लेट ठोकणे म्हणजे मोडलेले हाड न बसवता प्लास्टर घालण्यासारखे आहे. हाड जुळेल, पण वाकडे.

तपासणीला महागडे यंत्र लागत नाही. पोलादी पट्टी माथ्यावर आडवी ठेवावी. मूळचा सपाट माथा असेल आणि पट्टीखालून एका बाजूला उजेड दिसत असेल, तर माथा उचललेला आहे. स्टड एकमेकांना समांतर आहेत का ते पाहावे. नटांभोवतीचा रंग आणि सीलर तडकला आहे का ते पाहावे. दोन्ही बाजूंची तुलना करावी, कारण दोन्ही टॉवर सारखेच फुगले आहेत असे क्वचित घडते. मग चाक काढून खालून, बॅटरीच्या उजेडात, ब्रशने चिखल झाडून पाहावे. बम्प स्टॉपर आहे की नुसता दांडा आहे, माउंटचे रबर सुटले आहे का, हे तेव्हाच कळते. या साऱ्याला अर्धा तास लागतो.

माथा किंचित उचलला असेल आणि भेग नसेल, तर गाडी जॅकवर घेऊन चाकाचा भार काढावा, स्ट्रट उतरवावा आणि लाकडी किंवा पोलादी सपाट ठोकळ्याच्या आधाराने माथा हलके हलके पूर्ववत बसवावा. त्यानंतर नवा माउंट, नवा बम्प स्टॉपर आणि मग प्लेट. जुना फाटका माउंट तसाच ठेवून वर प्लेट घालणे हा पैशाचा अपव्यय आहे. नट टॉर्क रेंचनेच कसावेत, दोन माणसांच्या ताकदीने नव्हे.

आक्षेप आणि उत्तरे

काही अनुभवी मिस्त्री आम्हाला म्हणतील, ‘कंपनीने जे दिले नाही ते आपण का लावावे?’ हा आक्षेप अर्धा खरा आहे. ज्या गाडीचा टॉवर शाबूत आहे, टायर कंपनीच्या मापाचे आहेत, माउंट चांगले आहेत आणि जी शहरात संथ चालते, तिला प्लेटची गरज नाही. अशा ग्राहकाला घाबरवून प्लेट विकणे हेही आम्हाला मान्य नाही. प्लेट हवी ती रोज खराब रस्त्यावर ओझे वाहणाऱ्या गाडीला आणि ज्या गाडीचा माथा एकदा उचलून पुन्हा बसवला आहे तिला.

दुसरा आक्षेप असा की टॉवर मजबूत केला तर मार दुसरीकडे जाईल. हे बरोबर आहे. धक्का नाहीसा होत नाही, वाट बदलतो. म्हणूनच जाडजूड लोखंडी तवा बसवून बहादुरी मिरवू नये. गाडीचा पुढचा भाग टकरीत ठराविक रीतीने चेपला जावा अशी त्याची रचना असते, एअरबॅगचा हिशेबही त्यावरच बसवलेला असतो. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ तर वाहनाच्या मूळ तपशिलात मनमानी बदल करण्यास मनाई करते. तेव्हा मजबुती ही दुरुस्तीच राहावी, गाडीचे नवे रूप होऊ नये. मापाची प्लेट, मूळ जागी, मूळ स्टडवर, एवढीच मर्यादा आम्हाला योग्य वाटते.

तिसरा आक्षेप सर्वांत मोठा. ‘ग्राहक पैसे देत नाही. त्याला चकाचक रंग हवा, आतल्या पत्र्याचे त्याला काय?’ आम्ही विचारतो, आपण त्याला तो पत्रा कधी दाखवला आहे का? आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. पट्टीखालून दिसणाऱ्या उजेडाचा फोटो काढून मालकाच्या हाती द्या. ज्या बापाने तो फोटो पाहिला, तो लांबीवर समाधान मानणार नाही. याचा दुसराही फायदा आहे. खड्ड्यात आदळून झालेले नुकसान विम्यात मागता येते, झीज आणि जुनेपण मागता येत नाही. तारखेसह फोटो आणि नीट लिहिलेले बिल असेल तरच मालक आपली बाजू मांडू शकतो. ‘किरकोळ काम’ असे लिहिलेल्या चिठ्ठीवर कोण भरपाई देणार?

धंद्याची संधी

यात आपल्या तरुणांसाठी धंदाही आहे, हे सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. कुर्ल्याच्या सीएसटी रोडपासून तालुक्याच्या एसटी स्टँडमागच्या गाळ्यापर्यंत पत्र्याची जाण असलेले हात आपल्याकडे आहेत. उणीव आहे ती मापाची आणि लिखापढीची. एखाद्या वेल्डरने, डेंटरने आणि अलाइनमेंटवाल्याने भागीदारीत बसून दोन-तीन खपाच्या गाड्यांचे टॉवर नीट मोजले, अचूक भोकांच्या प्लेटा लेझरवर कापून घेतल्या, त्यांना जस्ताचा मुलामा दिला आणि ‘तपासणी, सरळ करणे, मजबुती, अलाइनमेंट’ असे चारही टप्प्यांचे काम एका बिलावर, लेखी हमीसह दिले, तर ग्राहक गावोगावहून शोधत येईल. अंदाजाने ड्रिल केलेल्या, कडा न घासलेल्या, गंजक्या भंगारातून कापलेल्या प्लेटा विकणारे पुष्कळ निघतील. त्यांच्याशी भावात स्पर्धा करू नये, भरवशात करावी.

जुन्या गाड्यांच्या दलालांनाही आमचे हेच सांगणे आहे. टॉवरची दुरुस्ती झाली असेल तर ती लपवू नका, सांगा. नीट दुरुस्त केलेला आणि बिलासह दाखवलेला टॉवर गाडीची किंमत तितकी पाडत नाही, जितकी लपवलेली आणि नंतर सापडलेली भेग दलालाची पत पाडते. गाडी घेणाऱ्या बांधवांनी आवाज आणि सीट कव्हर पाहण्याआधी बॉनेट उघडावे आणि दोन्ही माथ्यांवर अंगठा फिरवावा. पत्रा थंड आणि टणक लागतो, लांबी तशी लागत नाही. शंका आली तर पाच मिनिटे एखाद्या जाणत्या डेंटरला दाखवावे. त्याचे चार पैसे द्यावेत आणि मगच सौदा करावा.

शेवटी एकच गोष्ट. मोटार गॅरेजमध्ये सोडून मालक निघून जातो, तेव्हा तो गाडीची किल्लीच नव्हे, तर आपल्या बायको-मुलांचा जीवही मिस्त्रीच्या हवाली करून जातो. टॉवरच्या आत काय केले हे तो कधीच पाहू शकणार नाही, त्याला फक्त वरचा रंग दिसणार आहे. जिथे कुणी पाहत नाही तिथे केलेले काम हीच कारागिराची खरी ओळख. येत्या पावसाळ्याआधी आपल्या प्रत्येक गॅरेजवाल्याने एक पोलादी पट्टी विकत घ्यावी आणि दारात येणाऱ्या प्रत्येक छोट्या गाडीच्या दोन्ही टॉवरांवर ती ठेवून पाहण्याची सवय लावून घ्यावी. खर्च नगण्य आहे. त्यातून वाचणारे टायर, टळणारे तंटे आणि कदाचित वाचणारे जीव यांची किंमत मात्र कुठल्याही बिलात मांडता येणार नाही.